स्वस्त, सवंग आणि बांगड्याचा वाटा

मुंबई-गोवा महामार्ग सोडून कुठल्याही फाट्यावरून समुद्राच्या दिशेने वळा, पाट्या सुरू होतात. 'घरगुती जेवण मिळेल.' 'मालवणी पद्धतीचे मासे.' 'राहण्याची व जेवणाची उत्तम सोय, माफक दरात.' यातलं 'माफक दरात' रंगाऱ्याला कुणी सांगावंही लागत नसणार. ब्रश बुडवला की हात आपसूक तिकडे वळत असेल. तारकर्लीपासून गुहागरपर्यंत मी या पाट्या वाचत आले आहे, पण 'येथे स्वस्तात सोय होईल' असं लिहिलेली पाटी काही दिसली नाही. बरोबरच आहे. स्वस्त खोली म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे आधी तिचं बाथरूम येतं.

माफक हा मूळचा अरबी 'मुवाफिक', फारसीच्या हातून आपल्याकडे आलेला. म्हणजे जुळणारा, मानवणारा. मोठा धूर्त शब्द आहे. दर किती ते सांगतच नाही, तुम्हाला मानवेल एवढंच सांगतो. नाही मानवला तर तुमचं तुम्ही बघा. किफायतशीर त्याच वाटेने आलेला. 'किफायत' म्हणजे पुरेसं असणं. रास्त हा फारसी, अर्थ सरळ, उजवा. कमी किमतीला मराठीने असे किती तरी पाहुणे घरात घेतले, आणि घरचा जो सगळ्यात साधा शब्द, तो मात्र विकणाऱ्याच्या तोंडी कधी येत नाही. घेणाराच तो म्हणतो, आणि तोही बहुतेक वेळा पाठ वळल्यावर, घरी पिशवी रिकामी करताना.

हे मला नीट कळलं मालवणच्या मासळी बाजारात. तिथे दर विचारायचीही एक रीत आहे. 'हे केवढ्याला?' असं पुस्तकी मराठीत विचारलंत की तुमची गाडी एमएच झीरो वनची आहे हे मावशीला कळतं, आणि दरालाही कळतं.

"बांगडे कशे गो मावशी?"

"शंभराचो वाटो."

"स्वस्त लाव की जरा."

"स्वस्त कसला गो बाय? डिझेल स्वस्त आसा? बर्फ स्वस्त आसा?"

याला उत्तर नसतं. मग आपण उगाच एक बांगडा उचलून त्याचे कल्ले उघडून बघतो, लालबुंद असतात, तरी तोंड वाकडं करतो. ती बघून न बघितल्यासारखं करते. शेवटी टोपलीतला एक बांगडा उचलून वाट्यावर टाकते. "हो वर घालतंय. घे आता." दर शंभरचा शंभरच राहतो. हिशेबाने पाहिलं तर दर उतरलेला असतो, पण ते तिने कबूल केलेलं नसतं आणि आपल्यालाही ते तिच्याकडून वदवून घेता आलेलं नसतं. बाजूच्या बाईने ऐकलं तरी तिला एकच ऐकू जातं, शंभराचा वाटा. दर मोडला, असं उद्या कुणी म्हणणार नाही.

दिवे लागायची वेळ झाली, टोपलीच्या तळाशी थोडं उरलं, की तिची भाषा बदलते. "घेऊन टाक. आता कोण येतलो?" किंवा "सोडतंय तुका म्हणान." सोडतंय! जणू दराला इतका वेळ दाव्याने बांधून ठेवलं होतं. त्याही वेळी ती 'स्वस्त' म्हणत नाही. तिच्या लेखी मासा स्वस्त होत नसतो. एक तर 'दर नाय' असतं, नाही तर 'दर पडलो' असतं. आपण पिशवी उचलून घरी येतो आणि सांगतो, आज बांगडे फार स्वस्त मिळाले. मासा तोच, बाजार तोच. शब्द कुठल्या बाजूला उभं राहून उच्चारला, एवढाच फरक.

कधी रापणीला, त्या किनाऱ्यावरून ओढायच्या लांबलचक जाळ्याला, तारली लागते, म्हणजे इतकी लागते की ओढणाऱ्यांचे हात भरून येतात. त्या दिवशी किनाऱ्यावर बघायला आलेले लोक खूश असतात, फोटो काढतात. रापणकर मात्र गप्प. तारली टिकाऊ नाही, उन्हाबरोबर मऊ पडते. सगळ्यांच्या टोपल्यांत एकच मासा असला की गिऱ्हाईक या टोपलीवरून त्या टोपलीवर उडत राहतं. उरलेली मासळीच्या कुटीच्या कारखान्याला जाते, नाही तर माडांच्या मुळाशी पुरतात. माडाला ते खत फार मानवतं. अशा दिवसाला कुणाच्या भाषेत 'स्वस्ताई' म्हणायचं?

आता या 'स्वस्त'च्या घराण्याकडे वळू. कोशकार आपला 'स्वस्त' आणि हिंदीतला 'सस्ता' दोन्ही संस्कृत 'स्वस्थ'कडे नेतात. स्व अधिक स्थ, आपल्या जागी असलेला. म्हणून निवांत, धडधाकट. आपण मुलांना 'स्वस्थ बस' म्हणतो तोच. निरोगी माणसापासून बांगड्याच्या दरापर्यंत हा शब्द कसा आला असेल, ते बाजाराच्या बोलीतून थोडं उमगतं. तेजीत भाव उठतो, चढतो, भडकतो, गगनाला भिडतो, कडाडतो. मंदीत उतरतो, पडतो. सगळंच थंडावलं तर बाजार बसतो. सगळी क्रियापदं अंगात आल्यासारखी. त्यात जो भाव आपल्या जागी निवांत आहे, तो स्वस्थ. भाव जागेवर आहेत म्हणजे पाऊस वेळेवर पडला, धान्य आलं, वाटा सुरळीत आहेत, कुणाची स्वारी आलेली नाही. जुन्या अर्थाने स्वस्ताई म्हणजे नुसतं कमी पैशात सामान मिळणं नसावं, मुलूख ताळ्यावर असणं असावं. हा माझा तर्क. पण 'स्वस्त' म्हटल्यावर हलका माल आठवण्याआधीचा एक काळ या शब्दाच्या पोटात आहे, एवढं मात्र वाटत राहतं.

'महाग'ची गोष्ट याहून स्वच्छ आहे आणि मला जास्त आवडते. संस्कृतात 'अर्घ' म्हणजे किंमत. महा अधिक अर्घ, महार्घ, त्याचा झिजून झाला महाग. 'र्घ' उच्चारायला जड, बोलणाऱ्यांनी तो चावून चावून 'ग' केला. तर मग महार्घाच्या उलट काय? समर्घ. सम आहे अर्घ ज्याचा, तो. फार चढा नाही, जेवढ्यास तेवढा. समर्घाचं मराठीत काय झालं? मधल्या 'म'चा 'व' झाला, जसं ग्रामाचं गाव झालं, नामाचं नाव झालं, भ्रमराचा भवरा झाला. 'म' गेला तरी नाकात थोडा रेंगाळला. जुन्या छापील पुस्तकांत गांव, नांव अशी टिंबं दिसतात ती त्याचीच. ती टिंबं १९६२च्या लेखननियमांनी पुसली. या शब्दातलं मात्र राहिलं, कारण ते अजून ऐकू येतं. समर्घ, सवंग.

हो, तोच सवंग. सवंग लोकप्रियता, सवंग विनोद, सवंग अभिरुची. समीक्षकांच्या दौतीत कायम बुडालेला. मूळचा अर्थ, ज्याची किंमत समतोल आहे असा.

मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची वाढीव आवृत्ती १८५७ची. तिच्यात सवंग म्हणजे साधासरळ कमी दराचा. गुजरातीत आजही मोंघुं आणि सोंघुं ही जोडी शाबूत आहे. महागाईला मोंघवारी, स्वस्ताईला सोंघवारी, आणि सोंघुं म्हटलं म्हणून तिथे कुणाला राग येत नाही. बांदा ओलांडून गोव्यात शिरलात की महाग माल 'म्हारग' होतो. त्यातला 'र' अजून जिवंत आहे, महार्घातला. स्वस्ताला तिकडे 'सवाय' म्हणतात. पहिल्यांदा म्हापशाच्या बाजारात ऐकलं तेव्हा मला वाटलं सव्वापट सांगतायत.

अर्घ हा शब्द नुसता बाजारातला नव्हता. पाहुण्याला, देवाला, सूर्याला ओंजळीने पाणी देतात ते अर्घ्य, तेही याच कुळातलं. ज्याची किंमत आहे त्याला द्यायचं ते. 'अर्ह' हे त्याचं सख्खं भावंड, म्हणून नोकरीच्या जाहिरातीत 'शैक्षणिक अर्हता' असते. एकाच मुळाला एका बाजूला उगवत्या सूर्यापुढे धरलेली ओंजळ, दुसऱ्या बाजूला कांद्याचा दर आणि तिसऱ्या बाजूला बी.कॉम. किमान पन्नास टक्के.

सहाव्या शतकातल्या वराहमिहिर या ज्योतिषाच्या बृहत्संहितेत अर्घकांड नावाचा अध्यायच आहे. आकाशात काय दिसलं तर कुठल्या मालाचा साठा करावा आणि किती महिन्यांनी विकून नफा घ्यावा, याचे आडाखे त्यात आहेत. साठेबाजी इतकी जुनी, इतकी सुसंस्कृत. मुहूर्तशास्त्राच्या ग्रंथांतही धान्य समर्घ होईल की महर्घ, याची गणितं सापडतात. आमच्याकडे पाडव्याला जोशीबुवा पंचांग वाचायला येत तेव्हा हे शब्द कानावरून जायचे. पर्जन्य किती, धान्य किती, महर्घता आहे का. बायका कान देत त्या संक्रांतीच्या फळाला. संक्रांत कशावर बसून येते, काय नेसते, हातात काय घेते, काय खाते. ती जे धारण करील ते त्या वर्षी महागणार. पिवळं नेसली की आजी म्हणायची, "झाला, हळद गेली." चलनवाढीचा अंदाज बांधण्याची ही पद्धत फार काही वेगळी नव्हती. आज दूरदर्शनवर जे बसून सांगतात त्यांचंही नेसणं छान असतं.

बरं, सवंग बिघडला कसा? मला वाटतं, तो एकदम बिघडला नाही. सहज मिळतं ते स्वस्त, आणि स्वस्त ते हलकं, अशी दोन पायऱ्यांची घसरण आहे. पहिली पायरी बाजाराची, दुसरी मनाची. बाजारातल्या वस्तूसाठी 'स्वस्त' रुळला, 'सवंग' मोकळा झाला, तेव्हा शिकलेल्या माणसांनी त्याला उचलून वाङ्मयीन कामाला लावलं. आता 'सवंग बांगडे' म्हटलं तर बांगड्यांचं चारित्र्य वाईट असल्यासारखं वाटतं. 'स्वस्त'ही त्याच उतारावर लागलाय. 'स्वस्तातलं' हे विशेषण घ्या. साडी असो की माणूस, त्यात कौतुक नाही. 'माणसाचा जीव स्वस्त झालाय' हे तर रोजच्या पेपरात. 'हलक्या दराचा' म्हणता म्हणता 'हलका' कधी झाला, कुणाला कळलंही नाही.

याच ओघात एक वेगळं सुचतं. मोलाचा सल्ला, मोलाची मदत, मोलाचं सहकार्य, सगळीकडे 'मोल' म्हणजे थोर. आणि मोलकरीण? मोलमजुरी? तिथे तोच 'मोल' आला की मान खाली. सल्ला देणाऱ्याने पैसे घेतलेले नसतात बहुधा, म्हणून त्याचा मोलाचा.

किंमत उतरवून बोलण्याची हौस मराठीला दांडगी. मातीमोल, कवडीमोल, दमडीच्या भावात, पैशाला पासरी. पासरी म्हणजे पाच शेर. एका पैशाला पाच शेर माल, इतकी स्वस्ताई. शेर गेला, पायली गेली, मण-खंडीही गेली, पण 'इंजिनीअर काय, पैशाला पासरी' असं म्हणणारे काका आहेतच. तो पैसासुद्धा आजचा नव्हे, चौसष्ट पैशांचा रुपया होता तेव्हाचा. १ एप्रिल १९५७ला शंभर नव्या पैशांचा रुपया झाला, तरी आमच्या आजीचा हिशेब आण्यातच चालायचा. आपण रुपये सांगायचे, ती ओठ हलवून मनात सोळाने गुणायची, आणि मग दचकायची. तिचं दचकणं नेहमी दोन क्षण उशिरा यायचं.

कवडीची गंमत तर किनाऱ्यावरच्या माणसालाच कळावी. आमची पोरं वाळूत कवड्या वेचतात, खिशात भरतात, घरी आणून विसरतात. पण चलन म्हणून चाललेली कवडी इथल्या वाळूतली नव्हे. ती मालदीव बेटांवरून गलबतं भरभरून येई, शतकानुशतकं. म्हणजे कवडी ही आयात केलेली वस्तू. तिला भाडं होतं, वजन होतं, व्यापारी होते. आणि आज 'कवडीमोल' म्हणजे काहीच नाही. दारात सांडलेली असती तर तिला मोल आलंच नसतं. मालदीवातल्या माणसाला मात्र ती खरोखरच कवडीमोल असणार.

गावात 'स्वस्त' हा शब्द पाटीवर कुठे वाचायला मिळत असेल तर तो एकाच ठिकाणी. शासनमान्य स्वस्त धान्य दुकान. बोलताना त्याला असं कुणी म्हणत नाही, ते 'कंट्रोल'. दुसऱ्या महायुद्धात धान्यावर नियंत्रण आलं, युद्ध संपलं, इंग्रज गेले, शब्द मुक्कामाला राहिला. "कंट्रोलवर तांदूळ इले काय गो?" ही चौकशी अजून गडग्यावरून होते. २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्याने तांदूळ तीन रुपये किलो आणि गहू दोन रुपये किलो असे दर ठरवले. जानेवारी २०२३पासून कार्डवाल्या पात्र कुटुंबांना तेही पैसे द्यावे लागत नाहीत. म्हणजे फुकट. पाटीवर अजून स्वस्तच आहे. आणि कार्डवर मिळणाऱ्या तांदळाची पेज करायची की तो घावण्यांना वळवायचा, याची चर्चा फुकटातसुद्धा तेवढ्याच चवीने होते, जेवढी तीन रुपयांत व्हायची.

विकणाऱ्याच्या अंगणात उभं राहून 'स्वस्त' कसा ऐकू येतो, ते बघायचं तर मे महिन्याचा शेवट गाठावा. देवगडला माझ्या चुलतभावाची कलमं आहेत. मार्चमध्ये त्याच्याशी बोलावं तर तो पेटीच्या भाषेत बोलतो. एप्रिलमध्ये डझनाच्या. मेअखेर किलोच्या. आंबा किलोवर आला म्हणजे तो कॅनिंगला निघाला. देठ, डाग, आकार कशाकडेही न बघता क्रेटमध्ये ओतायचा, काट्यावर ठेवायचा. वर्षभर ज्याची फवारणी केली, राखण केली, वानर हाकलले, ज्याला २०१८ साली भौगोलिक मानांकनही मिळालं, तो हापूस तिथे आमरसाचा कच्चा माल असतो. नेमक्या त्याच आठवड्यात मुंबईच्या नातेवाइकांचे फोन येतात, "आता आंबा स्वस्त झाला असेल ना रे?" तो म्हणतो, "झाला, या." तो 'झाला' असा म्हणतो की मी असते तर आले नसते. त्यांना ते ऐकू येत नाही. ते येतात, गाडीची डिकी भरतात, आणि जाताना कौतुकाने म्हणतात की गावाला सगळंच किती स्वस्त. गेल्या उन्हाळ्यात मी तिथेच होते. तो काही बोलला नाही, क्रेटमधला एक चिरलेला आंबा उचलून वासराला घातला.

त्याच भावाला संध्याकाळी सुरमई लागते आणि ती स्वस्त लागते. "बंदरापासून हाकेवर राहतो आणि मुंबईचा दर देऊ?" हा त्याचा ठरलेला संताप. बरा सरंगा, बरी सुरमई बंदरावरच बर्फात बसून पुढच्या गावाला जाते. दर तिकडे ठरतो आणि मग उलट्या पावली आमच्या बाजारात येतो. हे त्याला माहीत आहे, कारण त्याच्या पेटीचं तेच होतं. तरी मासळीवालीशी तो असा भांडतो, जणू तिनेच वाशीच्या घाऊक बाजारात गाळा घेतलाय.

पूर्वी गाबीत, म्हणजे इथल्या मासेमार समाजातल्या, बायका डोक्यावर सुकी मासळी घेऊन वरच्या गावांत जात आणि बदल्यात भात घेऊन येत. आजीच्या तोंडून ऐकलंय. मापटं हिच्या पाटीतलं की तिच्या कणगीतलं, हुज्जत होई ती भरण्यावरून, शीग ठेवायची की हात फिरवायचा यावरून. त्या व्यवहारात स्वस्त आणि महाग हे शब्द कुणी कुणाला ऐकवायचे? दोघींना आपापली वस्तू थोडी महाग आणि समोरचीचं माप थोडं कमी वाटत असणारच. पण बोलणं मापावर थांबे. समर्घ म्हणतात ते हेच असेल, तर ते शांतपणे होत नव्हतं एवढं नक्की.

आता आगोटीचे दिवस आहेत. होड्या वर ओढायला लागले आहेत, कौलं शाकारून झाली, लाकडं पडवीत आली. पावसाची बेगमी म्हणून जो तो सुक्या बाजारात. मिरच्या, कांदे, कोकम, बोंबील, खारवलेले बांगडे. काल मी सोड्यांचा दर विचारला. बाईने सांगितला. मी पुन्हा विचारला, ऐकण्यात चूक झाली असेल म्हणून. तिने तोच सांगितला, आणि माझं तोंड बघून शेजारच्या गोणपाटावरचा गोलमा, म्हणजे बारीक सुकट, पुढे सरकवला. "ह्यो घे. कांद्यात परतलंस काय सोडे इसारशीत." अर्धा किलो घेतला. तिने वर एक मूठ टाकली.